राखलेली हवा

फलाटावर उभी असलेली लांब पल्ल्याची गाडी निघण्याच्या बेतात आली की डब्यांच्या पोटाखालून फुस्स असा एक लांबट आवाज येतो. इंजिनाकडून सुरू होऊन तो डब्याडब्याने मागे सरकत जातो. खिडकीपाशी बसलेले कोणी म्हणते, "हवा सोडली." शेजारचा म्हणतो, "ब्रेक सुटला." इंजिनातल्या लोको पायलटला विचारले तर तो म्हणेल, "हवा भरली." एका आवाजाची ही तीन वर्णने, आणि तिन्ही खरी. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेलेल्या नळीत, म्हणजे ब्रेक पाइपमध्ये, हवा भरली गेली. म्हणून प्रत्येक डब्याखालच्या झडपेने ब्रेक सिलिंडरमधली हवा बाहेर सोडली. म्हणून चाकांवरची पकड सुटली. भरणे, सोडणे आणि सुटणे ही तीन क्रियापदे तीन जागी जवळजवळ एकाच वेळी घडली. रेल्वेच्या ब्रेकची भाषा अशीच आहे. आपण नळीपाशी उभे आहोत, टाकीपाशी की चाकापाशी, यावर तिच्यातल्या शब्दांचा अर्थ बदलतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा भोंगळपणा वाटतो, आणि ज्या यंत्रावर हजारो जिवांची भिस्त आहे त्याच्या भाषेत भोंगळपणा कसा चालेल, असा प्रश्नही त्याच्या मनात येतो. तो प्रश्न रास्त आहे. पण या शब्दांचे अनेक अर्थ हा त्या यंत्राच्या विचाराचाच भाग आहे आणि ते पुसून टाकण्यापेक्षा जाणून घेण्यात शहाणपण आहे, असे मला वाटते.

उलगडा करायचा तर १८६९ पर्यंत मागे जावे लागते. त्या साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दाबलेल्या हवेवर चालणारा आपला पहिला ब्रेक आणला. तोवर गाडी थांबवणे हे बऱ्याच अंशी माणसांच्या हातांचे काम होते. इंजिनाची शिट्टी झाली की ब्रेकमन चालत्या गाडीच्या टपांवरून धावत आणि एकेका डब्याचे चाक फिरवून ब्रेक आवळत. बर्फातही आणि पावसातही. त्यात माणसे पडत, मरत. वेस्टिंगहाउस यांच्या पहिल्या रचनेत इंजिनातली हवा नळीवाटे थेट प्रत्येक डब्याच्या सिलिंडरमध्ये जाई. तिची भाषा सरळ होती: हवा पाठवली की ब्रेक लागला, काढली की सुटला. पण नळी फुटली किंवा गाडी मध्येच तुटली तर मागच्या डब्यांना हवाच पोचत नसे, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक नाहीसा होई. १८७२ च्या सुमारास त्यांनी सगळी रचना उलटी केली. नळीत हवा कायम भरून ठेवायची, प्रत्येक डब्याखाली एक साठवणीची टाकी द्यायची आणि नळी, टाकी व सिलिंडर यांच्या मध्ये एक झडप बसवायची. नळीतला दाब टाकीतल्या दाबाच्या खाली गेला की झडप सरकते, टाकीतली हवा सिलिंडरमध्ये शिरते, ब्रेक लागतो. नळीतला दाब पुन्हा चढला की झडप परत फिरते, सिलिंडर मोकळा होतो आणि टाकी भरू लागते. भरणे, लावणे, सोडणे ही तीन कामे करणारी म्हणून ती 'ट्रिपल व्हॉल्व्ह'. तेव्हापासून नळी भरणे म्हणजे ब्रेक सोडणे आणि नळी रिकामी करणे म्हणजे ब्रेक लावणे असे झाले. अर्थ उलटा झाला, शब्द मात्र जुनेच राहिले.

यावर कोणी म्हणेल, मग एवढाच नियम पाठ करावा: भरले की सुटले, रिकामे झाले की लागले. भारतीय रेल्वेचा इतिहास या नियमालाही टिकू देत नाही. ब्रिटिश वळणाने इथे व्हॅक्यूम ब्रेक आला आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग त्याच्यावरच गेला. हवेचा ब्रेक मोठ्या प्रमाणावर पसरला तो १९८० च्या दशकापासून पुढे. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजिन नळीतली हवा सतत शोषून घेते. पाऱ्याच्या सुमारे ५३० मिलिमीटरांइतकी पोकळी राखली की गाडी मोकळी राहते आणि नळीत बाहेरची हवा शिरली की ब्रेक लागतो. हवेच्या ब्रेकमध्ये नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब राखला की गाडी मोकळी राहते आणि हवा बाहेर पडली की ब्रेक लागतो. म्हणजे एकीकडे रिकामी नळी गाडीला मोकळे ठेवते, तर दुसरीकडे भरलेली नळी. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच रुळांवर धावत होत्या आणि दोन्ही ओढू शकणारी ड्युअल ब्रेकची इंजिनेही होती. एकाच ड्रायव्हरला एका फेरीत हवा काढून 'रिलीज' करावे लागे आणि दुसऱ्या फेरीत हवा भरून. शब्द तोच, दांड्याची शिस्त तीच, नळीत घडणारी गोष्ट मात्र नेमकी उलटी. मग दोन्हींत समान काय राहिले? समान राहिले ते राखणे. पोकळी असो की दाब, निसर्गाला नको असलेली एक अवस्था इंजिन सतत कष्ट घेऊन नळीत टिकवून धरते, आणि ती टिकून आहे तोवरच गाडीला धावण्याची परवानगी आहे. ती मोडली, मग कोणीही मोडो, की गाडी थांबते. ब्रेकच्या शब्दांचा अर्थ हवा आहे की नाही यात शोधला तर हाती लागत नाही. राखलेली अवस्था टिकली की ढळली, यात तो असतो. हा धागा धरला की उलटसुलट वाटणारे शब्द एका रांगेत उभे राहतात.

या ठिकाणी मराठीजवळ एक सोय आहे. आपण ब्रेक 'लावला' असेही म्हणतो आणि ब्रेक 'लागला' असेही. 'सोडला' असेही आणि 'सुटला' असेही. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. वेस्टिंगहाउस यांच्या १८७२ च्या रचनेला 'ऑटोमॅटिक' म्हणतात ते याच फरकासाठी. आज ऑटोमॅटिक म्हटले की माणसाविना आपली आपण चालणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. ब्रेकच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ त्याहून अरुंद आणि गंभीर आहे: कोणी न लावताही जो लागतो तो. या एका विशेषणाची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथे कळली. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन सहलीची गाडी समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली होती. चढावर इंजिनाची ताकद संपली, तेव्हा गाडी दोन तुकड्यांत तोडून पुढचा तुकडा आधी न्यायचे ठरले. त्या गाडीचा ब्रेक 'कंटिन्युअस' होता, म्हणजे सर्व डब्यांना एकाच नळीने जोडणारा. पण तो साधा व्हॅक्यूम ब्रेक होता, ऑटोमॅटिक नव्हता. नळी तोडताच मागच्या डब्यांवरची पकड गेली. उरला तो गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा तुकडा हलताना किंचित मागे आला, धक्का बसला आणि मागचे डबे उतारावरून सुटले ते मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत बरीच मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना ऑटोमॅटिक कंटिन्युअस ब्रेक सक्तीचा केला. दोन विशेषणे शेजारी शेजारी लिहिली गेली, कारण त्यांतले एकच पुरेसे मानण्याचा परिणाम सर्वांनी पाहिला होता.

रोजच्या कामातले शब्दही असेच दुहेरी-तिहेरी आहेत. ड्युटीवर आलेला लोको पायलट आधीच्याकडून गाडीचा 'चार्ज' घेतो आणि थोड्याच वेळात ब्रेक पाइप 'चार्ज' करतो. एक चार्ज जबाबदारीचा, दुसरा हवेचा. त्याचा 'बीपी' म्हणजे ब्रेक पाइपचा दाब, घरच्यांच्या तोंडी तो रक्ताचा. 'एमर्जन्सी' ही त्याच्या हाताखालच्या दांड्याची एक जागा आहे. 'लॅप' म्हणजे सगळी भोके झाकलेली स्थिती, ज्यात हवा येतही नाही आणि जातही नाही. देवनागरीत तर ब्रेक या शब्दाचीच दोन कुळे एकत्र झाली आहेत: थांबवणारा ब्रेक आणि तोडणारा ब्रेक. ब्रेक जर्नी, ब्रेकडाउन आणि ब्रेकव्हॅन हे तिन्ही शब्द एकाच स्थानकात ऐकू येतात आणि त्यांतला तिसराच काय तो आपल्या विषयातला. तोही आता पुरता राहिला नाही. ब्रेकव्हॅन म्हणजे गार्ड जिथून हाताने ब्रेक आवळत असे तो डबा. आज प्रवासी गाडीत ब्रेकव्हॅन म्हटले की सामान बुक करणाऱ्याला पार्सलची जागा आठवते. गार्डचे पदनाम २०२२ मध्ये 'ट्रेन मॅनेजर' झाले, डब्याच्या नावातून मात्र ब्रेक गेला नाही. आणि 'ब्रेक पॉवर' हा शब्द मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. गाडी निघण्यापूर्वी तपासणी करणारे कॅरेज अँड वॅगनचे कर्मचारी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतात. त्यावरची टक्केवारी ताकदीची नसते. गाडीतल्या एकूण ब्रेक सिलिंडरांपैकी किती चालू आहेत, याचे ते प्रमाण असते. नव्वद टक्के म्हणजे शंभरातले दहा सिलिंडर कामाचे नाहीत. त्या दहांच्या वाट्याचा भार उरलेल्या नव्वदांनी उचलायचा आहे, हे त्या कागदावर सही करणाऱ्याला ठाऊक असते. पॉवर या शब्दात त्याने एक मोजणी भरलेली असते. बाहेरच्या माणसाने तो कागद वाचला तर त्याला गाडीत नव्वद टक्के जोर आहे असे वाटेल, आणि तो अगदी चुकलेलाही नसेल.

झडप हा तर आपलाच शब्द. खिडकीची झडप, हृदयाची झडप, आणि घारीने घातलेली झडपसुद्धा. लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून व्हॉल्व्ह आला तोही मुळात दाराच्या फळीचाच. डब्याखालची झडप ही दारासारखी उघडमीट करणारी वस्तू एवढीच असती तर फार बोलण्याचे कारण नव्हते. पण वेस्टिंगहाउस यांच्या ट्रिपल व्हॉल्व्हचे आजचे वारस, ज्यांना इकडे डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह किंवा नुसते डीव्ही म्हणतात, त्यांना निवाडा करावा लागतो. नळीतला दाब जरासा कमी झाला, तर ती लोको पायलटची आज्ञा समजायची की जोडांमधून होणारी नेहमीची गळती? लांब गाडीत गळती थोडीफार असतेच. म्हणून प्रत्येक डीव्हीची दोन परीक्षांतून पारख होते. ६ सेकंदांत ०.६ किलो दाब उतरला तर तिने जवळजवळ तत्काळ, १.२ सेकंदांच्या आत, ब्रेक लावायला सुरुवात केली पाहिजे. ही संवेदनशीलतेची परीक्षा. आणि ६० सेकंदांत ०.३ किलो असा सावकाश उतरला तर तिने काहीही करता कामा नये. ही असंवेदनशीलतेची परीक्षा. माणसांच्या जगात जो शब्द दूषण म्हणून वापरला जातो, तो इथे तपासून शिक्का मारण्याचा गुण आहे. तो नसता तर गाडी वाटेत पुन:पुन्हा अडखळून थांबली असती आणि कर्मचाऱ्यांचा तिच्यावरचा विश्वासच उडाला असता.

मात्र या गुणाची दुसरी बाजू ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने पाहिली. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्रीसाठी गावाबाहेर उतारावर उभी करून ठेवली होती. सात हातब्रेक आवळले होते, पण ते पुरेसे आहेत का हे पाहताना इंजिनाचा हवेचा ब्रेकही लावलेलाच होता. म्हणजे गाडी हातब्रेकने धरली आहे की हवेने, हे त्या चाचणीतून कळणे शक्यच नव्हते. पुढे इंजिनात आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केले गेले आणि त्याबरोबर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबला. हवा गळत गेली. इंजिनाच्या ब्रेकमधली धरून ठेवणारी हवा ओसरली आणि गाडीच्या नळीतला दाब मात्र इतक्या संथपणे उतरला की टाक्यांखालच्या झडपांना तो इशारा वाटलाच नाही. गाडी उतारावरून निघाली. ४७ माणसे गेली. 'ब्रेक लावला आहे' हे वाक्य त्या रात्री सुरुवातीला खरे होते. कोणता ब्रेक, कशाच्या बळावर आणि किती वेळ, हे त्या वाक्यात नव्हते. शिवाय राखलेल्या अवस्थेचा नियमही इथे आपली मर्यादा दाखवतो: राखण अचानक मोडली तर यंत्र ओरडून उठते, हळूहळू झिजली तर त्याला कळत नाही.

इथे सर्वांत सबळ आक्षेप पुढे येतो. माणसे मरत असतील तर शब्दांच्या बहुअर्थीपणाचे कौतुक कशासाठी? एका शब्दाला एकच अर्थ नेमून द्यावा आणि बाकीचे खोडावेत. या आक्षेपाच्या बाजूने पॅरिसच्या गार द लियों स्थानकातला २७ जून १९८८ चा अपघात सहज उभा करता येईल. शहराकडे येणाऱ्या एका लोकल गाडीत प्रवाशाने धोक्याचा दांडा ओढला. तो पूर्ववत करताना ड्रायव्हरकडून ब्रेक पाइपचा कॉक नकळत बंद झाला. त्यामुळे मागच्या डब्यांना हवा पोचेना आणि त्यांचे ब्रेक अडकून राहिले. ड्रायव्हरला वाटले, नळीत हवा कोंडली आहे. म्हणून त्याने आणि गार्डने डब्याडब्याने टाक्यांतली हवा काढून टाकली. ब्रेक सुटले. पण हे सुटणे निराळे होते. नेहमीच्या सुटण्यात टाकी भरलेली असते, पकड पुढच्या क्षणी पुन्हा बसू शकते. या सुटण्यात टाकीत काहीच उरले नव्हते. कॉक बंदच होता, ड्रायव्हरपुढचा काटा पुढच्या तुकड्याचा दाब नेहमीसारखा दाखवत होता, आणि स्थानकाकडे उतार होता. त्या गाडीला धड ब्रेक उरला तो पहिल्या डब्यापुरता. ५६ जण मेले. आक्षेप घेणारा म्हणेल, पाहा, सज्ज सुटणे आणि निर्जीव सुटणे यांना दोन शब्द असते तर हे टळले असते.

पण ते दोन शब्द होतेच. दांड्याने ब्रेक सोडणे वेगळे आणि टाकीची हवा काढून टाकणे वेगळे, हे फ्रेंच रेल्वेतही ठाऊक होते आणि आपल्याकडच्या यार्डातही ठाऊक असते. यार्डात डबे हलवायचे असतात तेव्हा ते रोजचे काम आहे. शब्दकोशात फरक नोंदलेला होता, त्या घडीला मनात तो जागा झाला नाही. आणि जागा होण्यासाठी हवा होता एक प्रश्न: नळी भरत का नाही? मला वाटते एकार्थी शब्दांचा एक धोकाही असतो. शब्दाला एकच अर्थ आहे याची खात्री झाली की माणूस विचारायचा थांबतो. रेल्वेवाल्यांच्या तोंडी 'सुटला' ऐकल्यावर 'कुठला? इंजिनाचा की गाडीचा?' हा उलटप्रश्न येतो तो त्या शब्दाचे अनेक अर्थ जिवंत असतात म्हणून. इंजिनात पूर्वापार दोन वेगळे दांडे असतात, एक गाडीच्या ब्रेकचा आणि एक फक्त इंजिनाचा, आणि जुन्या इंजिनांवरच्या लोको पायलटांनी त्यांना ए-नाइन आणि एसए-नाइन या खुणेच्या नावांनीच ओळखले. जिथे गोंधळ जीवघेणा होईल तिथे या भाषेने स्वतःहून नावे वेगळी केली आहेत. बाकी ठिकाणी तिने प्रश्नाला जागा ठेवली आहे. यात अडाणीपणा दिसत नाही.

दुसरा आक्षेप मराठीच्या अंगाने येतो: या सगळ्याला शुद्ध मराठी प्रतिशब्द दिले की गोंधळ मिटेल. भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या विद्याशाखांचे परिभाषा कोश काढले ते मोठे काम आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांत मला उभे राहायचे नाही. पण प्रतिशब्द कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाहीत. गतिरोधक म्हटले की मराठी माणसाला रस्त्यावरचा डांबरी उंचवटा दिसतो आणि गतिरोध म्हटले की अडलेली बोलणी. खीळ घालावी तर ती कामाला बसते. नवा शब्दही येताना आपले जुने अर्थ घेऊनच येतो, तेव्हा बहुअर्थीपणा भाषांतराने संपत नाही, फक्त पत्ता बदलतो. याउलट लावणे-लागणे आणि सोडणे-सुटणे या जोड्या कोणत्याही कोशाची वाट न पाहता कर्ता आहे की नाही एवढे अचूक सांगतात. कर्जतच्या यार्डात ब्रेक, कॉक, हौज पाइप हे शब्द या क्रियापदांशी मराठी होऊन नांदतात. परिभाषा घडवायची तर या नांदण्याकडे आधी पाहावे असे वाटते.

शब्दांवर विसंबून राहायचे नाही, हे रेल्वेने कामाच्या रीतीतच बांधून टाकले आहे. गाडीला इंजिन जोडल्यावर 'नळी जोडली' असे कोणी सांगितले म्हणून ती जोडली असे धरत नाहीत. शेवटच्या डब्यात ट्रेन मॅनेजर व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडतो, आणि अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे इंजिनातला काटा पडतो का हे लोको पायलट पाहतो. मग लोको पायलट दाब उतरवतो आणि मागच्या डब्यातला काटा पडतो का हे ट्रेन मॅनेजर पाहतो. कंटिन्युटी तपासणे म्हणतात याला. 'नळी अखंड आहे' या वाक्याचा अर्थ दोन टोकांची दोन माणसे मिळून, प्रत्यक्ष हवेच्या साक्षीने ठरवतात. घाटात हीच वृत्ती रुळांतच उतरली आहे. बोर घाट आणि थळ घाट, दोन्हींची चढण ३७ ला १. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाला 'बँकर' म्हणतात. चढणीला बँक म्हणण्याची जुनी इंग्रजी रीत त्यात टिकून आहे. उतरणीला मात्र कॅच सायडिंग आहेत. ताबा सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला, चढत्या रुळांवर घेऊन थोपवण्यासाठी त्या बांधल्या आहेत. तिथे उतरत्या गाडीबद्दलचे गृहीतच उलटे आहे: ती ताब्यात नाही असे धरायचे आणि ती ताब्यात असल्याचे तिनेच थांबून दाखवायचे. सर्टिफिकेटवर ब्रेक पॉवर काहीही लिहिलेली असो.

प्रवाशाच्या हाती या सगळ्यातले एकच टोक आहे, ते म्हणजे साखळी. गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा, असे पाटी सांगते, आणि विनाकारण ओढल्यास शिक्षाही सांगते. प्रत्यक्षात साखळी चाकांपर्यंत जातच नाही. ती डब्याच्या टोकाशी असलेला एक व्हॉल्व्ह उघडते, ब्रेक पाइपमधली हवा जाऊ लागते आणि राखलेली अवस्था ढळते. पुढे ब्रेक लागतो आणि इंजिनातही कळते. प्रवाशाच्या मनात थांबणे आणि सुरक्षित होणे हे एकच असते, म्हणून साखळीचाही अर्थ सुरक्षितता असाच होतो. रेल्वेच्या नियमांत मात्र वाटेत थांबलेली गाडी हीच एक जोखीम आहे. तिच्या पुढे-मागे रुळांवर इशाऱ्याचे फटाके ठेवून तिला संरक्षण द्यावे लागते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, ब्रेक लागला आणि गाडी उभी राहिली. यंत्राने आपले काम चोख केले. भीतीने उतरलेली माणसे शेजारच्या रुळांवर आली आणि तिकडून कर्नाटक एक्स्प्रेस आली. गाडी थांबणे या शब्दांत प्रवाशांनी जे वाचले आणि रेल्वे जे वाचते त्यांतले अंतर दोन रुळांमधल्या त्या जागेत होते. त्या पाटीवर साखळी कशी ओढावी हे लिहिलेले असते, गाडी थांबल्यावर कुठल्या बाजूने उतरू नये हे लिहिलेले नसते.

आता या शब्दांत आणखी एक भर पडते आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली डेडमन्स हँडल असते. हाताचा दाब सुटला की ब्रेक लागतो. तिथेही राखण आहे, फक्त ती इंजिनाऐवजी जिवंत माणसाच्या हाताने करायची आहे. 'कवच' या प्रणालीने त्यापुढे पाऊल टाकले. भारतीय रेल्वेने २०२० मध्ये तिला राष्ट्रीय सुरक्षा प्रणाली म्हणून स्वीकारले. लोको पायलट हजर आहे, त्याचा हात जागेवर आहे, नळी अखंड आहे, तरीही वेग मर्यादेबाहेर गेला किंवा लाल सिग्नल ओलांडला जाण्याची वेळ आली आणि त्याने ब्रेक लावला नाही, तर कवच तो लावते. १८७२ चा ऑटोमॅटिक ब्रेक काहीतरी मोडल्यावर लागत असे. हा काहीही न मोडता, पुढचे हिशेबाने जाणून लागतो. डब्याखालच्या डीव्हीला यातला फरक कळण्याचा प्रश्नच नाही. नळीतला दाब उतरला, एवढेच तिला दिसते. तो पायलटने उतरवला, गार्डने, साखळीने, फुटलेल्या हौज पाइपने की संगणकाने, सगळे तिला सारखे. फरक पडतो तो नोंद करणाऱ्या माणसाला. गाडी थांबल्यावर कोणीतरी विचारणार, ब्रेक कोणी लावला. मराठीत त्याने 'लागला' लिहिले तर कवचाचा निर्णय फुटलेल्या नळीच्या रांगेत जाऊन बसतो. 'लावला' लिहिले तर एका पेटीला कर्तेपण द्यावे लागते, आणि उद्या तिने लावायला नको तेव्हा लावला किंवा हवा तेव्हा लावला नाही, तर त्याचा जाबही तिच्याचकडे मागावा लागेल.